घरसफाईच्या व्यवसायात त्रासदायक ग्राहक काम घेण्यापूर्वीच कसा ओळखावा

पुणे, ठाणे, नवी मुंबई अशा शहरांत चार-सहा माणसांच्या जोरावर डीप क्लिनिंगचा व्यवसाय करणाऱ्यांना दसरा ते दिवाळी या काळात इतके फोन येतात की, समोरच्याची पारख न करताच तारीख दिली जाते. पारखीसाठी वेळ मात्र फारसा लागत नाही. पहिला फोन आणि घराची पाहणी या दोनच टप्प्यांत बहुतेक गोष्टी कळून येतात. फक्त काय ऐकायचे आणि काय पाहायचे, हे आधी ठरलेले असावे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. चोखंदळ ग्राहक म्हणजे त्रासदायक ग्राहक नव्हे. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बाहेर काढून पुसणार का, चिमणीची जाळी सुटी करून धुणार का, संगमरवरावर कोणते द्रावण वापरणार, असे वीस प्रश्न विचारणारी व्यक्ती सुरुवातीला डोकेदुखी वाटते. पण तिला काय हवे आहे ते तिला नेमके ठाऊक असते आणि तसे काम झाले की ती पैसे देऊन मोकळी होते. खरी अडचण येते ती कामाची व्याप्ती ठरवण्याचे टाळणाऱ्या ग्राहकाकडून. ‘घर तसे स्वच्छच आहे, वरवरचेच काम आहे, दोन तासांत होईल’, हे वाक्य फोनवर ऐकू आले की सावध व्हावे, कारण घर स्वच्छ आहे हे सांगण्यामागचा हेतू बहुधा दर खाली आणण्याचा असतो.

अशा वेळी वाद न घालता घराचे फोटो किंवा व्हिडिओ मागवावा आणि तोही स्नानगृह, सिंकखालची जागा, खिडक्यांचे रूळ व माळा यांचा मागवावा. दिवाणखान्याचा फोटो चटकन येतो आणि स्नानगृहाचा मागूनही येत नाही, तेव्हा उत्तर मिळालेच असे समजावे. दर घर पाहिल्यावरच सांगितला जाईल, यावर ठाम राहावे. पाहणीला नकार देणाऱ्याचे काम स्वीकारू नये.

पूर्वी काम केलेल्या लोकांविषयी ग्राहक काय बोलतो, तेही लक्षपूर्वक ऐकावे. एखाद्याचा अनुभव वाईट असणे स्वाभाविक आहे. परंतु आजवर आलेला प्रत्येक सफाईवाला कामचुकार किंवा चोरच निघाला असे कोणी सांगत असेल, तर त्या यादीत पुढचे नाव आपले असणार. ‘आधी काय राहून गेले होते?’ असा साधा प्रश्न विचारून पाहावा. ज्याची तक्रार खरी असते तो नेमकी जागा दाखवतो. दुसरा फक्त माणसांना नावे ठेवतो.

पाहणीच्या वेळी सर्वाधिक लक्ष डागांकडे द्यावे, कारण पैशांचे तंटे बहुतेक तेथूनच उद्भवतात. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याने टाइल्सवर आणि शॉवरच्या काचेवर साचलेला क्षारांचा थर काही प्रमाणात निघतो. मात्र थराखालची काच किंवा नळाचे क्रोमियम खराब झाले असेल, तर ते कोणत्याही सफाईने पूर्ववत होत नाही. संगमरवर आम्लाने झिजतो, त्यामुळे त्यावरील डागासाठी ॲसिड वापरण्याचा आग्रह धरणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. फरशीची चमक गेली की तोच भरपाई मागतो. जे डाग निघणार नाहीत ते त्याच्यासमोर दाखवावेत, फोटो काढावेत आणि व्हॉट्सॲपवर लेखी संमती घ्यावी. समंजस ग्राहक एका ओळीत ‘ठीक आहे’ लिहितो. ‘तुम्ही या तर खरे, मग बघू’, असे म्हणणारा उद्या त्याच डागावर बोट ठेवून पैसे अडवण्याची वाट मोकळी ठेवत असतो.

पैशांच्या बाबतीत घासाघीस हे वाईट लक्षण नाही. आपल्याकडे ती होणारच. दर कमी करताना काम कमी करायला ग्राहक तयार आहे का, हे पाहावे. माळा वगळून पैसे कमी करा, ही रास्त मागणी आहे. सगळे काम तेवढेच आणि पैसे निम्मे, वर ‘आमच्या सोसायटीत दीडशे फ्लॅट आहेत, तुम्हाला कामे मिळवून देतो’, हे आश्वासन असेल, तर त्या कामांची किंमत आज शून्य धरावी. तारीख पक्की करताना आगाऊ रक्कम मागावी आणि उरलेली रक्कम माणसे घराबाहेर पडण्यापूर्वी द्यावी लागेल, हे आधीच सांगावे. त्यावर उडणारा खटका काम झाल्यानंतरच्या खटक्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

काही मागण्यांबाबत मात्र तडजोड नसावी. सुरक्षापट्ट्याशिवाय छज्ज्यावर उतरून बाहेरची काच पुसायला सांगणे, ब्लिचिंग आणि ॲसिडयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र करून वापरायला सांगणे (या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो), ‘हातासरशी’ सेप्टिक टँक साफ करून मागणे, हे सर्व नाकारावे. सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

पाहणीला एखादी महिला सहकारी सोबत न्यावी. ग्राहक तिच्याशी कसा बोलतो, पाणी विचारतो का, तिला शौचालय वापरू देतो का, यावरून कामाच्या दिवशीच्या वागणुकीचा अंदाज येतो. ‘एकच बाई पाठवा, पुरुष नको’, ही मागणी पुष्कळदा घरातील स्त्रियांच्या सोयीसाठी असते, तरीही नव्या ग्राहकाकडे एकटी महिला पाठवू नये, दोघी पाठवाव्यात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घराचाही समावेश आहे आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या व्यवसायातील महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. ही माहिती आपल्या सर्व महिला कर्मचाऱ्यांना आधीच द्यावी.

नकार देताना कारणमीमांसा करत बसू नये. ‘या कामासाठी लागणारी माणसे सध्या आमच्याकडे उपलब्ध नाहीत, त्यामुळे आम्ही ते घेऊ शकत नाही’, एवढे पुरेसे आहे. दर दुप्पट सांगून टाळण्याची युक्ती अनेकजण वापरतात. ती टाळावी, कारण ग्राहकाने तो दर मान्य केला की काम गळ्यात पडते आणि दुप्पट पैसे मोजलेला त्रासदायक ग्राहक दुप्पट हिशेब मागतो.