हेडलाइटचा बल्ब निवडताना उजेडाआधी फोकस पाहावा

हेडलाइटचा बल्ब गेला की दुकानात जाऊन ‘सर्वांत जास्त उजेडाचा द्या’ असे सांगितले जाते आणि चुकीची खरेदी बहुधा याच वाक्यापासून सुरू होते. पावसाळ्यात गगनबावड्याच्या धुक्यातून, किंवा गळीत हंगामात मागे धड रिफ्लेक्टरही नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागून रात्री गाडी चालवणाऱ्याला भरपूर उजेड हवाच असतो. परंतु तो रस्त्यावर पडला तरच उपयोगाचा. बल्ब निवडण्याचे बाकीचे सर्व निर्णय मी याच कसोटीवर करतो.

पहिली पायरी सोपी आहे: जुन्या बल्बच्या धातूच्या बैठकीवर छापलेला प्रकार वाचावा किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा, आणि तोच प्रकार घ्यावा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत अप्पर आणि डिप्पर दोन्ही देणारा तीन पिनांचा एच४ असतो. काहींत दोन्हींसाठी एच७, एच११ असे वेगळे बल्ब असतात. केवळ गाडीचे नाव सांगून बल्ब मागू नये, कारण एकाच नावाच्या गाडीचा हेडलाइट सालागणिक आणि मॉडेलगणिक बदललेला असू शकतो.

दुसरी पायरी व्होल्ट आणि वॉट तपासण्याची. कारच्या एच४ वर १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट असे छापलेले असते. पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिप्परचा. ट्रकसाठीचा २४ व्होल्टचा ७५/७० वॉटचा एच४ आणि दुचाकीचा ३५/३५ वॉटचा एचएस१ दिसायला जवळजवळ तसेच असतात, त्यामुळे खोक्यावर विसंबून न राहता बल्बवरचे आकडे वाचावेत. १०० /९० वॉटचा बल्ब ‘चालतो की’ असे कोणी सांगितले तरी घेऊ नये. ६० वॉटचा फिलामेंट, म्हणजे बल्बमधली तापून उजळणारी तार, १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, तर १०० वॉटचा ८ अँपिअरहून अधिक. मूळ वायर आणि स्विच त्या भारासाठी बनवलेले नसतात, आणि अशा बल्बमुळे वितळलेले होल्डर व काळवंडलेले रिफ्लेक्टर मी पाहिलेले आहेत.

बल्ब गेलेला नसून केवळ उजेड कमी वाटत असेल, तर खरेदीपूर्वी होल्डरवर येणारे व्होल्टेज मोजावे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, बल्ब जोडलेला असतानाच मल्टिमीटरने होल्डरच्या मागच्या बाजूने मोजावे, आणि तेच बॅटरीवरही मोजावे. बल्बचा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टवर ठरवलेला असतो आणि होल्डरवर १२ व्होल्टच पोहोचत असतील, तर तो उजेड पाव हिश्शाहून अधिक घटतो. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत मोठा फरक आढळला, तर अर्थिंगची जोडणी साफ करून घ्यावी, जळका होल्डर बदलावा किंवा वायरमनकडून रिले (दिव्याला बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) बसवून घ्यावा. महागडा बल्ब ही उणीव भरून काढत नाही. काच पिवळी पडली असेल, तर आधी ती पॉलिश करावी.

आता खरा अवघड टप्पा, जो समजून घ्यायला मलाही सर्वांत जास्त वेळ लागला: दुकानातल्या दहा खोक्यांपैकी कोणते उचलायचे? एच४ बल्ब हातात घेऊन नीट पाहिल्यास दोन बारीक फिलामेंट दिसतात आणि डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी दिसते. ही वाटी खालच्या बाजूने जाणारा प्रकाश अडवते, म्हणूनच डिप्परच्या प्रकाशाची वरची कड स्पष्ट कापल्यासारखी पडते आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या फिलामेंटची जागा गृहीत धरून घडवलेला असतो, आणि फिलामेंट मिलिमीटरभर सरकला तरी फोकस बिघडतो.

हॅलोजनसाठी, म्हणजे वर सांगितलेल्या फिलामेंटच्या बल्बसाठी, बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवायला माझा ठाम विरोध आहे, तो याच कारणाने. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात. फिलामेंटसारखा सर्व दिशांना सारखा प्रकाश त्या देत नाहीत, त्यामुळे डिप्परची कड विस्कटते. गाडीजवळचा रस्ता पांढराशुभ्र उजळल्याने चालकाला समाधान वाटते, परंतु दूरच्या भागात, जिथे ट्रॉलीचा मागचा भाग वेळेत दिसायला हवा, तिथे उजेड बहुधा कमीच पोहोचतो. करूळ किंवा आंबा घाटातल्या वळणावर असा दिवा समोरून आला की कठडा कुठे संपतो हेही क्षणभर कळत नाही. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट लागून आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, कारण तिची संपूर्ण रचनाच त्या प्रकाशासाठी केलेली असते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ५००० किंवा ६००० केल्विनचा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, प्रमाण नव्हे. साधा हॅलोजन सुमारे ३२०० केल्विनचा असतो, आणि त्याला निळसर दाखवण्यासाठी काचेवर जो थर दिलेला असतो, तो काही प्रकाश गिळूनच हे साधतो. ओल्या डांबरी रस्त्यावर हा तोटा लगेच जाणवतो. ‘१०० टक्के अधिक’ यांसारखे दावे रस्त्यावरच्या ठरावीक जागेच्या उजेडाची किमान प्रमाणाशी केलेली तुलना असते, एकूण प्रकाश दुप्पट होत नाही, आणि अशा बल्बचे आयुष्यही कमी असते. रात्रीचा प्रवास क्वचितच होत असेल आणि अधिक खर्चाची तयारी असेल तर ते घ्यायला हरकत नाही. रोज कोल्हापूर ते कागल ये-जा करणाऱ्या कुटुंबाने मात्र नावाजलेल्या उत्पादकाचा, पारदर्शक काचेचा, मूळ वॉटचा साधा बल्ब घ्यावा. त्याच्यावर वर्तुळातला ‘ई’ आणि शेजारी आकडा, म्हणजे प्रमाणित असल्याची खूण, असावी.

बल्ब नेहमी जोडीने बदलावेत. बसवताना काचेला बोट लावू नये; लागल्यास स्पिरिटने पुसावे, कारण बोटाचा तेलकटपणा तापून काच तडकू शकते. एच४ च्या चकतीवरच्या तीन कानांपैकी एक रुंद असतो, त्यामुळे तो एकाच स्थितीत बसतो. जोर लावावा लागत असेल तर तो तिरका आहे असे समजून काढून पुन्हा बसवावा. मागचे रबर घट्ट चढवावे, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरते.

शेवटी फोकस तपासावा. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिप्पर लावावा. उजवीकडची सपाट कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यावी आणि डावीकडे ती वर चढलेली दिसावी. डॅशबोर्डवर उंचीचे बटण असल्यास तपासणीच्या वेळी ते शून्यावर ठेवावे, आणि मागे माणसे व डिकीत सामान घेऊन निघताना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलावे, कारण मागून दबलेल्या गाडीचे पुढचे दिवे वर उठतात. जुन्या जोडीतला चालू बल्ब फेकू नये. कापडात गुंडाळून डिकीत ठेवावा.