दहा चिठ्ठ्या आणि एक दार: फॅसिझम कसा वाढतो ते मांडून बघा

कोल्हापुरात मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. आता रविवारी मंगळवार पेठेतल्या घरी सहा-सात पोरं येतात, त्यांच्याकडून मी हे करून घेते.

जुन्या कॅलेंडरच्या दहा चिठ्ठ्या फाडा. त्यांवर ० ते ९ आकडे लिहा. एक चिठ्ठी म्हणजे एक माणूस, आणि आकडा म्हणजे आधी किती जण उठले की हा उठतो. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच बघितलेल्याला जास्त सांगावं लागत नाही. पहिली आरोळी ठोकणारा वेगळा, अख्खी गॅलरी उठल्यावर उठणारा वेगळा. ० उठतो, त्याला बघून १, मग २, करत करत दहाही उठतात. आता फक्त १ खोडून तिथं २ करा. ० उठतो आणि एकटाच उभा राहतो. बाकी नऊ माणसं तीच, निकाल उलटा! अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये हा नमुना मांडला. तेव्हापासून नाही, पण तो कळल्यापासून 'आपल्याकडची माणसं तशी नाहीत' हे वाक्य मला पटत नाही.

आता जर्मनी घ्या. नाझी पक्षाची मतं १९२८ ला २.६ टक्के, १९३० ला १८.३, जुलै १९३२ ला ३७.३. मधे मंदी आली, बेकार ६० लाखांवर गेले. पोटाला चिमटा बसला की माणूस लवकर उठतो, म्हणून चिठ्ठ्यांवरचे आकडे कमी करा. इथवर जमतं.

पण नोव्हेंबर १९३२ ला मतं ३३.१ वर घसरली आणि ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. चिठ्ठ्यांतून हे निघतच नाही. एक पोरगी म्हणाली, "बाई, दार आतून उघडलं असणार." तसंच झालं होतं. माजी चॅन्सेलर पापेननं गळ घातली, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं नेमलं. याला मुठीत ठेवू, असं त्यांना वाटत होतं. इटलीत १९२२ ला फॅसिस्ट रोमवर चालून आले, तेव्हा त्यांना अडवायच्या लष्करी कायद्यावर राजानं सही केली नाही आणि त्यांचा नेता मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या रेल्वेनं रोमला आला.

म्हणून अकरावी चिठ्ठी लाल कागदाची घ्या. हा दारावरचा माणूस, म्हणजे सत्तेचं दार आतून उघडू शकणारा. त्याला आकडा देऊ नका. मी दोन रविवार देऊन बघितला, बसत नाही. त्यावर एवढंच लिहा: याला जास्त भीती कुणाची, विरोधकांची की दाराबाहेरच्याची? त्यामुळे या नमुन्यातून तारीख कधी कळणार नाही, कुठं लक्ष ठेवायचं ते कळतं.

पुढच्या खेपेला आपापला आकडा पोरांनाच लिहू द्या. बहुतेक जण स्वतःला ९ देतात. मग विचारा, "आणि गल्लीतले नऊ जण उठले तर?"