नवी मुंबईतून दख्खनचे पठार कसे वाचावे

पाऊस ओसरून हवा निवळली की सकाळीच पनवेलच्या बाजूला, पूर्वेकडे दूरवर दिसेल अशा मोकळ्या जागी उभे राहावे आणि आधी माथेरान शोधावे. सुमारे 800 मीटर उंचीचा तो सपाट माथा म्हणजे झिजेने मुख्य पठारापासून तोडलेला तुकडा होय. त्याच्या उतारावरील पायऱ्या मोजाव्यात: कठीण बेसाल्टचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र, ठिसूळ खडकाचा उतार, पुन्हा कडा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून आलेल्या लाव्ह्याचे थर असे एकावर एक साचले.

मग रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या डोंगराजवळ थांबावे. बंद पडलेल्या खाणींच्या कडेला मात्र जाऊ नये. खडकात वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ते वायूच्या पोकळ्यांत नंतर भरलेले झिओलाइट हे खनिज असण्याची शक्यता मोठी. दोन थरांमध्ये विटकरी पट्टा असल्यास तो बहुधा लाव्ह्याच्या दोन लोटांमधील उसंतीत खडक कुजून झालेला थर असतो.

शेवटी थरांचा कल पाहावा. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असणारे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे वाकतात, आणि हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांचा भूभाग भारतापासून दुरावताना किनाऱ्याचे भूकवच खचल्याशी हा वाक जोडला जातो. तेव्हापासून कोकणात उतरणारे आखूड, वेगवान ओढे कडा खालून पोखरत आहेत, म्हणून सह्याद्रीची भिंत पूर्वेकडे सरकत राहते.