चाकणला प्लँट हेड हवा असेल तर

कंपन्यांना माणसं शोधून देणं हे माझं काम. प्लँट हेड, म्हणजे कारखान्याचा प्रमुख, हवा असलेल्या कंपनीने पाठवलेलं जेडी (पदाच्या कामाचं वर्णन) मी आधी बाजूला ठेवतो. एकच विचारतो: आधीचा माणूस का गेला? उत्तर गुळमुळीत आलं, तर काम घेताना दहादा विचार करतो.

मग रांजणगाव, तळेगाव, वाळूज, अंबडमधल्या तशाच कारखान्यांची यादी. चांगला माणूस नोकरी शोधत नसतो. त्याला फोन रात्री आठनंतर, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर. "सर, आत्ता बोलता येईल?" तो नुसतं "हं, हं" करायला लागला, की शेजारी कुणीतरी आहे. ठेवून द्यायचा.

पगाराआधी घरचं विचारा. वाळूजचा एक जण ऑफर घेऊनही आला नाही. मुलगी दहावीला होती. (हे मला शेवटच्या आठवड्यात कळलं!) नोटीस बहुतेकदा 90 दिवसांची, त्यात जुनी कंपनी पगार वाढवून देऊ करते. म्हणून राजीनाम्यानंतरही दर पंधरवड्याला मी त्याला चहाला गाठतो.