बंद बॉयलर: गच्च भरा, नाहीतर ठणठणीत कोरडा ठेवा

शेवटची मोळी गेली की बॉयलर हाऊसमध्ये सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. साखर कारखान्याच्या बॉयलरचे वाईट दिवस मात्र तिथूनच सुरू होतात. एप्रिलपासून दसऱ्यापर्यंत तो गार पडून असतो, आणि आमच्या कोल्हापूरकडे त्यातले चार महिने भिंतींनाही ओल असते.

एका वर्षी दुरुस्तीच्या गडबडीत एका बॉयलरचं पाणी गेज ग्लासात, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेत, अर्ध्यावर, चालू असताना असतं तिथंच राहिलं. ऑक्टोबरात मॅनहोल (आत उतरायचं तोंड) उघडलं तर ड्रमच्या, म्हणजे पाणी-वाफेच्या मोठ्या टाकीच्या, पोटात, बरोबर पाण्याच्या रेघेवर, देवीचे वण उठावेत तसे खड्डे. नखानं उकरलं की तांबडी भुकटी निघायची आणि खाली खळगा. वरच्या हवेतला ऑक्सिजन त्या रेघेवर सतत पाण्यात मुरत राहतो, म्हणून लोखंड तिथंच खातं. तेव्हापासून अर्धा भरलेला बंद बॉयलर दिसला की मला चैन पडत नाही.

ज्याच्या ट्यूबा बदलायच्या आहेत, तो कोरडा ठेवा. ज्याच्या दुरुस्तीला हात लागणार नाही आणि जो दोन-तीन महिन्यांत पुन्हा चालवावा लागू शकतो, तो भरून ठेवा.

भरताना नुसतं पाणी कोंबू नका. थंड पाण्यात लिटरमागे ७-८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. नेहमीच्या पातळीवर पाणी घ्या, ऑक्सिजन शोषणारं औषध घाला, व्हेंट (हवा निघायची तोंडं) उघडे ठेवून मंद आगीवर तास-दोन तास उकळी येऊ द्या. हवा निघून जाते आणि औषध सगळीकडे फिरतं. औषध म्हणून आम्ही २०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे २०० मिलिग्रॅम, सोडियम सल्फाइट धरायचो. गच्च भरल्यावर ३० टन पाणी मावत असेल, तर ६ किलो. कॉस्टिक सोड्यानं पीएच १० ते ११ ठेवायचा. आग विझवून, दाब उतरल्यावर, कोमट असतानाच औषध मिसळलेल्या गरम पाण्यानं ड्रम वरपर्यंत भरा. सुपरहीटरमध्ये (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांत) मात्र हे पाणी जाऊ देऊ नका, तिथं क्षार बसतात. त्यात स्वच्छ कंडेन्सेटच, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, भरा.

गार होताना पाणी आकसतं आणि वर पोकळी पडते. म्हणून ड्रमच्या वर २०० लिटरचं झाकणाचं पिंप ठेवून ते व्हेंटला जोडायचं. त्यात तेच औषधाचं पाणी. पिंपातली पातळी रोज बघा. ती सारखी उतरत असेल, तर कुठला तरी व्हॉल्व्ह गळतोय. सल्फाइट आठवड्याला तपासा.

कोरडा ठेवायचा तर पाणी थोडं गरम असतानाच सोडा, म्हणजे विटकामाच्या धगीनं आतला ओलावा उडतो. शेजारचा बॉयलर चालू असेल, तर स्टीम आणि फीड (पाणी येणाऱ्या) लाइनला ब्लँक, म्हणजे आडवी लोखंडी चकती, मारा, नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. ड्रममध्ये उतरण्याआधी हवा खेळती करा, ऑक्सिजन मोजा, दिवा २४ व्होल्टचाच घ्या आणि मॅनहोलशी एक माणूस उभा ठेवा. यात सवलत नाही. मग पत्र्याच्या ट्रेमध्ये कळीचा चुना ठेवायचा, तोही अर्धाच ट्रे, कारण ओल ओढून तो फुगतो. मॅनहोल घट्ट लावा. महिन्यानं उघडून बघा, भुकटी झाली असेल तर चुना बदला. ट्रे किती ठेवले ते लॉगबुकात लिहा.

बाहेरची बाजूही विसरू नका. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख ओल धरते. इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेनं पाणी तापवणारा भाग) आणि एअर हीटरमधली राख पावसाआधी काढा, डॅम्पर (धुराच्या वाटेवरची झडप) बंद करा.

अग्निप्रदीपनाच्या आधी ट्रे मोजून बाहेर काढा, लॉगबुकातल्या आकड्याशी जुळवा. भरलेल्या बॉयलरचं पाणी उतरवून गेज ग्लासात अर्ध्यावर आणा, दोन्ही ग्लास ब्लो करून (पाणी-वाफ सोडून साफ करून) पातळी खरी आहे ना ते बघा. मगच पूजेचं ताट आणायला सांगा.