आदिवासी विद्यार्थी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात टिकावा म्हणून कॉलेजने काय करावे

मेळघाटातला कोरकू, झरी-जामणीतला कोलाम किंवा भामरागडचा माडिया विद्यार्थी ७ टक्के आरक्षणातून इंजिनिअरिंगला जागा मिळवतो. ती जागा दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत टिकेल का, हे मात्र बरेचसे कॉलेजच्या हातात असते. मुले बुद्धी कमी पडली म्हणून जात नाहीत. कागद, मेसचे बिल आणि ड्रॉइंगची शीट यांत अडकून जातात.

कागदांचे काम मेमध्येच उरका. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, पावसाळ्यात येतात आणि त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. म्हणून तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांत आधीच जाऊन फाइली तपासा. जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याचा, अर्ज अकरावीतच गेलेला असावा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते: आजोबांचा शाळेतला दाखल-खारिज उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल तर तीही जोडा. सगळ्यात जास्त प्रकरणे नावावरून रेंगाळतात. आजोबांच्या दाखल्यावर ‘आतराम’ आणि मुलाच्या टीसीवर ‘आत्राम’ असेल, तर दोन्ही नावे एकाच घराण्याची असल्याचे वंशावळीच्या शपथपत्रात आधीच लिहून टाका.

पैसा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे काम संपले असे नाही. शाळेत असताना उघडलेले झिरो बॅलन्स खाते केवायसीअभावी बंद पडलेले असते आणि आधार नेमके त्यालाच जोडलेले असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाचे आधार सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते, तपासा. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वयंम योजनेचा (बाहेर राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे देणारी योजना) अर्ज करून घ्या. ही रक्कम यायला महिने लागतात. तोवर मेसचे बिल कॉलेजने थांबवून धरलेच पाहिजे, एवढे केले तरी निम्मी गळती आटोक्यात येते असे आमचे ठाम मत आहे. मिनी ड्राफ्टर (रेघा आखायचे साधन), ड्रॉइंग बोर्ड आणि कॅल्क्युलेटर ग्रंथालयातून पुस्तकांसारखे सेमिस्टरभर द्या.

इंजिनिअरिंग ड्रॉइंग, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी मापात आकृती काढणे. बारावी सायन्सला हा विषय बहुतेकांना नसतो. शहरातला मुलगा ट्यूशन लावून निभावतो, वसतिगृहातला मुलगा दुसऱ्याची शीट उतरवतो आणि परीक्षेत अडकतो. फळ्यावर समजावण्याआधी वस्तू हातात द्या. कपड्यांच्या साबणाची वडी ८ × ५ × ३ सेंमी मापाची कापून घ्या. ८ सेंमीची बाजू समोर आणि ३ सेंमी उंची अशी ठेवून, उजव्या टोकाकडून ३ सेंमी लांब आणि दीड सेंमी खोल पायरी पूर्ण रुंदीभर कापा. आता समोरून पायरी दिसते. वरून ८ × ५ चा आयत आणि उजव्या कडेपासून ३ सेंमीवर एक रेघ दिसते. डावीकडून पाहिले तर पायरी मागे लपते, म्हणून ५ × ३ च्या आयतात दीड सेंमी उंचीवर तुटक रेघ येते. वडी अर्धी फिरवून पायरी डावीकडे आणली की तीच रेघ अखंड होते. तुटक रेघ कशासाठी असते, हे इथे मुलाच्या डोळ्यांना कळते. दृश्ये कागदावर मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, म्हणजे वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली आणि डावीकडचे दृश्य उजवीकडे. जागा चुकली की बरोबर काढलेल्या आकृतीचेही गुण जातात.

भाषा. गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला मराठीसुद्धा शाळेत शिकलेली भाषा असते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिले उत्तर मराठीत देऊ द्या, मग इंग्रजी संज्ञा विचारा.

प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये अशा मुलाला एकटे टाकू नका, निदान दोघे एकत्र ठेवा. मल्टिमीटर कोण धरेल आणि रीडिंग कोण लिहील, हे दर वेळी पाळीने बदला. नाही तर तो सेमिस्टरभर लिहितच बसतो. ‘एसटीची मुले उभी राहा’ असे वर्गात पुकारणे ताबडतोब बंद करा. शिष्यवृत्तीचा निरोप मोबाइलवर एकेकट्याला द्या. सीईटीचे गुण चारचौघांत विचारू नका. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९ च्या अट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे कर्मचाऱ्यांनाही सांगा.

वेळापत्रक आखताना गावाकडे बघा. होळी हा कोरकूंचा मोठा सण, त्या आठवड्यात युनिट टेस्ट नको. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याच्या हंगामात घरी हात लागतात, तेव्हा सबमिशनची तारीख थोडी आधी घ्या. सलग तीन दिवस गैरहजेरी दिसली की मेंटॉरने त्याच संध्याकाळी फोन करावा. गावात रेंज नसेल तर किराणा दुकानदाराचा किंवा आश्रमशाळेतल्या गुरुजींचा नंबर, त्यांना विचारून, प्रवेशाच्या दिवशीच लिहून ठेवा.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की बॅकलॉगवाल्यांची (विषय राहिलेल्यांची) यादी काढून उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा अर्ज मुदतीत करून घ्या. बॅकलॉगच्या परीक्षेचा फॉर्म फीसाठी कोणाचा अडला असेल, तर ती फी विद्यार्थी कल्याण निधीतून भरा आणि फॉर्म शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी जमा करा.