पाचवीतला लांबलचक शब्द फोडायचा कसा?

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात जातं, आणि विज्ञानाच्या पुस्तकात 'फोटोसिंथेसिस' समोर आला की स्पेलिंगची घोकंपट्टी सुरू होते. घोकू देऊ नका. आधी शब्द मोठ्याने, सावकाश म्हणायला लावा: फो-टो-सिन्-थ-सिस. स्वराचे पाच ठोके, पाच तुकडे. आता पेन्सिलीने पी-एच-ओ, टी-ओ, एस-वाय-एन, टी-एच-ई, एस-आय-एस अशा उभ्या रेघा मारा. पहिल्या तुकड्यात 'फ'साठी पी-एच आणि तिसऱ्यात आय नव्हे तर वाय, एवढंच लक्षात ठेवायचं उरतं.

अर्थाचे तुकडे वेगळे. फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे मांडणी, सगळे ग्रीक. 'बायॉलॉजी'त दोन्ही जुळत नाहीत: अर्थाला बायो अधिक लॉजी, पण उच्चाराला बाय-ऑ-ल-जी. मुलं इथे गोंधळतात, म्हणून उच्चाराच्या रेघा पेन्सिलीने, अर्थाच्या लाल पेनाने.

शेवटी 'शन' ऐकू आलं तर बहुतेकदा टी-आय-ओ-एन, एकच तुकडा. जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर. शेवटचा मुका ई मोजायचा नाही.

दिवसाला दोन शब्द पुरे, तेही उद्याच्या धड्यातलेच.